तळेवाडी उठली, बारापेडेचे काय?

भीमगड अभयारण्यातील तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये देऊन जंगलाबाहेर हलवायचे ठरले. याच गावाजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचे मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली ती इथूनच. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडेपर्यंत त्याचे दुसरे घर जगाला ठाऊक नव्हते.

वटवाघळाची मादी सहसा वर्षाला एकच पिल्लू देते. त्या दिवसांत कोणी बॅटऱ्या घेऊन आत शिरले की थवा बिथरतो, पिल्ले खाली पडतात. ही तूट भरायला वर्षे जातात.

गाव उठले म्हणून गुहा सुरक्षित झाली, असे आम्ही मानत नाही. तळेवाडीकर पिढ्यानपिढ्या शेजारी राहिले, तरी वटवाघळे टिकलीच ना! आम्हाला धास्ती आहे ती हौशी पर्यटकांची. वनखात्याने विणीच्या काळात गुहेच्या तोंडाशी पहारा बसवावा, आणि पहारेकरी तळेवाडीचेच नेमावेत.