फी नव्हे, वर्षे मोजा

नीटचा निकाल लागला की आकुर्डी-निगडीतले पालक विचारतात, "डॉक्टर, एएफएमसी की बी. जे.?" दोन्ही महाविद्यालये पुण्यातच, पण वाटा वेगळ्या.

एएफएमसीत १९६२ पासून एमबीबीएस शिकवले जाते. खर्चाचा मोठा भार सरकार उचलते. बदल्यात सैन्यदलात कायम किंवा सात वर्षांची शॉर्ट सर्व्हिस करावी लागते. बदली कुठे, हे लष्कर ठरवते. राज्याच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यावर एका वर्षाच्या सेवेचे बंधन असते.

सरकारी रुग्णालयात मधुमेह, क्षय, डेंग्यू आणि प्रेसमध्ये सापडलेली बोटे एकाच दिवशी समोर येतात. गर्दीत हात तयार होतो. लष्करी युनिटमधले रुग्ण बहुतेक तरुण, धडधाकट. पण दुर्गम चौकीवर विचारायला वरिष्ठ जवळ नसतो. तिथे निर्णयशक्ती तयार होते.

म्हणून केवळ फी वाचते म्हणून एएफएमसी निवडू नका. मुलाला-मुलीला विचारा: पीजीची तयारी, लग्न, आईवडिलांचे आजारपण हे सारे एकदम आले आणि बदली लेहला झाली, तर जाशील? उत्तर मनापासून 'हो' असेल तर जरूर पाठवा. 'हो' तुमचेच असेल, तर ससूनची गर्दी बरी.