गणिताला दाराबाहेर ठेवणारा पहिला धडा

अभियांत्रिकी असो वा विज्ञान शाखा, प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या दोन-चार तासांतच फळ्यावर एक ओळ हमखास उमटते : क्ष = क्ष + १. दहा-बारा वर्षे बीजगणित घोटून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही ओळ सरळ खोटी असते, कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. शिक्षक समजावतात की हे समीकरण नव्हे, आज्ञा आहे. ‘क्ष’ नावाच्या खणातील आकड्यात एक मिळवून तो पुन्हा त्याच खणात ठेवायचा. विद्यार्थी मान डोलावतो आणि आपले गणित येथे चालत नाही, एवढे मनाशी नोंदवून ठेवतो.

ही नोंद सर्वांना सारखी महाग पडत नाही. घरात लहानपणापासून संगणक असलेला मुलगा ती सहज पचवतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातील मोहगावचा विद्यार्थी घ्या. घरात मराठी, कारभार हिंदीत आणि अभियांत्रिकी इंग्रजीत, अशा तीन भाषांतून तो वाट काढतो. या वाटेवर न बदलणारी एकच भाषा त्याच्यापाशी असते, ती गणिताची. आपल्या सत्तरीतून वा पेडण्यातून फर्मागुढीला येणाऱ्या अनेकांची गोष्ट फार वेगळी नाही. पहिलाच धडा नेमकी हीच शिदोरी बाजूला ठेवायला सांगतो.

याला पर्याय आहे आणि तो नवा नाही. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये खणांतील आकडे बदलत बसायचे नसतात. गणितातल्याप्रमाणे व्याख्या लिहायच्या असतात. अकरावीत क्रमगुणित शिकवताना सांगतात की शून्याचे क्रमगुणित एक, आणि ‘न’चे क्रमगुणित म्हणजे ‘न’ गुणिले ‘न वजा एक’चे क्रमगुणित. हास्केल या भाषेत या दोन ओळी जवळजवळ जशाच्या तशा लिहिल्या की प्रोग्रॅम तयार होतो. सी भाषेत त्याचसाठी बहुधा एक मोजणारा खण, एक साठवणारा खण आणि एक फिरते चक्र शिकवले जाते.

पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात नव्वदच्या दशकात हा प्रयोग झाला. तेथील अध्यापक रुस्तम मोदी यांनी १९९१ साली एसीएम या संस्थेच्या संगणक-शिक्षणविषयक पत्रिकेत सी भाषेच्या अध्यापनातील वापरावर टीका करणारा लेख लिहिला. मार्क जोन्स यांच्या ‘गोफर’ या भाषेत अध्यापनासाठी फेरफार करून ‘प्युगोफर’ ही आवृत्तीही तयार झाली. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये हास्केल शिकवण्याची परंपरा आहे आणि तेथील माधवन मुकुंद व एस. पी. सुरेश यांचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर कोणालाही विनाशुल्क पाहता येतो. साधनांचा तुटवडा ही सबब त्यामुळे टिकत नाही.

आक्षेप मात्र खरे आहेत. नोकरीच्या मुलाखतीत जावा आणि पायथन विचारतात, हास्केल नव्हे. स्कीम या भाषेवर आधारलेला आपला गाजलेला प्रारंभिक अभ्यासक्रम एमआयटीनेही २००७-०८च्या सुमारास थांबवून पायथन स्वीकारली. शिवाय यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मोटर चालवायची, संवेदकाचे आकडे वाचायचे असतात. तेथे बदलणारी स्थिती टाळता येत नाही. म्हणूनच सी हटवून हास्केल बसवा, ही मागणी अतिरेकी ठरेल. सत्राचे पहिले सहा आठवडे व्याख्यांचे आणि नंतर खणांचे, एवढी अदलाबदल पुरेशी आहे.

बाजाराचा आक्षेपही वाटतो तेवढा भक्कम नाही. जावाने २०१४ साली आठव्या आवृत्तीत याच परंपरेतील लॅम्डा उचलले. एक्सेलनेही पुढे त्याच नावाचे सूत्र आणले. मुळात एक्सेलची सूत्रे हीच फंक्शनल प्रोग्रॅमिंगची सर्वांत रुळलेली शाळा! प्रयोगशाळेतील वाचने एका स्तंभात भरून शेजारच्या स्तंभात सूत्र लिहिणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी कोणतीही पायरी आधी-नंतर सांगत नाही, फक्त संबंध सांगतो. आपण प्रोग्रॅम लिहीत आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते इतकेच.

कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो प्रोग्रॅम लिहून देऊ लागल्यापासून या वादाला वेगळी धार आली आहे. लिहिणे स्वस्त झाले, पारखणे महागले. त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारे फंक्शन सुटे काढून तपासता येते. दहा ठिकाणांहून बदलणाऱ्या खणाचा माग काढताना मात्र अनुभवी माणूसही थकतो.

गोव्यात सरकारने केअर्स योजनेतून शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स नेले आहे. ती मुले आता महाविद्यालयांच्या उंबरठ्यावर येत आहेत. राज्यासाठी राज्य विद्यापीठ एकच असल्याने तेथील अभ्यास मंडळाचा एक निर्णय मोठ्या राज्यांच्या तुलनेत फार लवकर वर्गापर्यंत पोहोचू शकतो. अडचण शिक्षकांची आहे. आजचे बहुतेक अध्यापक स्वतः सी शिकून आले आहेत आणि प्रात्यक्षिक परीक्षेतील प्रश्नही त्याच साच्याचे असतात. अभ्यासक्रमातील ओळ बदलण्याआधी एका सुट्टीत या अध्यापकांनाच विद्यार्थी होऊन बसावे लागेल, आणि त्या दिवसांचे मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, हे आधी ठरवावे लागेल.