व्रत आणि व्यवहार : वखारीतील ढलप्या



भगवान पार्श्वनाथांच्या चरित्रातील पंचाग्नितप करणाऱ्या तापसाचा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. श्वेतांबर परंपरेत तो कमठ तापस. धुनीतील जळता ओंडका बाहेर काढून जपून फोडण्यास पार्श्वकुमारांनी सांगितले आणि आतून होरपळलेला नाग निघाला. दिगंबर परंपरेतील कथेत तापसाने लाकडावर कुऱ्हाड उगारली असता पार्श्वकुमारांनी त्याला थांबवले. त्याने ते ऐकले नाही आणि आतील नाग-नागिणीचे जोडपे छेदले गेले. तपशील निराळे असले तरी दोन्ही कथांच्या केंद्रस्थानी एक जळाऊ लाकूड आहे आणि ते न पाहता हाताळले गेले आहे. आपण ही कथा धरणेंद्राच्या पूर्वजन्माची म्हणून ऐकतो. ज्यांच्या घरी लाकडाची वखार आहे, त्यांच्यासाठी ती रोजच्या धंद्याचीही कथा आहे.

वखार चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांतील तरुण पिढीपुढे आज एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाक्षिक प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची आलोचना करताना ‘इंगालकर्म’ आणि ‘वनकर्म’ हे शब्द उच्चारायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीचे कुलूप उघडायचे, यांचा मेळ कसा घालावा? वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न उद्धटपणाचा समजू नये. व्रत दुकानापर्यंत पोहोचावे, अशी इच्छा असणाराच तो विचारतो.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात आनंद श्रावकाच्या व्रतग्रहणाच्या प्रसंगी या पंधरा कर्मादानांची गणना आली आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात त्यांचे विवरण केले आहे. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात त्यांना ‘खरकर्म’ म्हटले आहे. कोळसा पाडणे व भट्ट्या लावणे हे इंगालकर्म. वन तोडणे व तोडलेल्या वनाचा विक्रय करणे हे वनकर्म. ‘फोडीकर्म’ या शब्दावरून काहींना लाकूड फोडण्याचा निषेध अभिप्रेत आहे असे वाटते. परंतु त्याचा संबंध भूमी खणणे, नांगरणे, दगड फोडणे यांच्याशी आहे. लाकडाच्या व्यापाऱ्याला लागू पडते ते मुख्यतः वनकर्म आणि तो कोळसाही पाडत असेल तर इंगालकर्म. तेव्हा जळाऊ लाकडाचा व्यापार निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. नव्याने व्यवसाय निवडणाऱ्याने तो निवडू नये, हेच उचित.

परंतु ज्याच्या हाती हा व्यवसाय वारशाने आला आहे, ज्याच्यावर चार मजुरांची आणि स्वतःच्या घराची चूल अवलंबून आहे, त्याने काय करावे? श्रावकाचा मार्ग मर्यादेचा आहे. एका दिवसात सर्व सोडणे त्याला शक्य नसले, तरी आजच्यापेक्षा कमी हिंसेचा व्यवहार उद्या करणे त्याला निश्चित शक्य आहे. लाकडाच्या धंद्यात ही मर्यादा सर्वांत सुलभपणे घालता येते ती ज्या मालाकडे वखारवाले सहसा दुर्लक्ष करतात त्या मालात, म्हणजे ढलप्यांत.

बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, वाळलेल्या लाकडी चिरफळ्यांना आपण ढलप्या म्हणतो. तांब्याचा बंब ज्यांच्या घरी आजही पेटतो त्यांना त्या लागतात. लग्नाकार्यात भट्टी लावणाऱ्या आचाऱ्याला, चुलीवरची भाकरी देणाऱ्या खानावळीला आणि गावाकडच्या चुलीला त्या लागतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर घरोघरी गॅस पोहोचला आणि मोठ्या ओंडक्यांची घरगुती मागणी घटली. मुंबईत तर बेकऱ्यांनी लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. मोठ्या मालाच्या आधारावर वखार फार काळ टिकेल असे दिसत नाही. ढलप्यांना मात्र थोडे लाकूड आणि पुष्कळ श्रम लागतात. जेथे नफा लाकडाच्या वजनावर कमी आणि हाताच्या कामावर अधिक असतो, तेथे तोडही कमी होते.

शिवाय ढलप्यांसाठी आपल्या नावाने एकही झाड तोडावे लागत नाही. सॉ मिलमध्ये फळ्या कापताना उरलेल्या कडा व तुकडे, वाऱ्यापावसाने उन्मळून पडलेली झाडे, सुतारकामाचे उरलेले ठोकळे, नाशिक-सांगलीकडील शेतकऱ्यांनी काढून टाकलेले जुने द्राक्षवेल, हा सर्व माल त्यांना पुरतो. निवड मात्र डोळसपणे करावी. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि सनमायका चिकटवलेले तुकडे जाळल्यास विषारी धूर होतो. ते ढलप्यांत कधीही मिसळू नयेत. मालवाहतुकीच्या पॅलेटवर ‘एमबी’ असा छाप असेल, तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या कीटकनाशक वायूची धुरी दिलेली असते. तेही घेऊ नये.

आता जयणेचा विचार करू. आपल्या घरांत चूल पेटवण्यापूर्वी सरपण व गोवऱ्या झटकून, पुंजणीने पुंजून घेण्याची रीत होती. हीच रीत वखारीत नेली पाहिजे. ओंडका फोडण्यापूर्वी आपटून, उलटून, सालीखाली पाहावे. बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारे पीठ दिसले, तर आत घुण आहे असे समजावे. मुंग्यांची रांग किंवा वाळवीची माती दिसली, तर ते लाकूड फोडू नये, जाळण्यासाठी विकूही नये. वखारीच्या कडेला सावलीत वेगळे ठेवून द्यावे. यात वर्षाकाठी थोडा माल हातचा जाईल. तो खर्चाच्या वहीत आधीच धरून ठेवावा, म्हणजे मन कचरत नाही.

जीवोत्पत्ती टाळणे हे तिच्यानंतरच्या दक्षतेपेक्षा श्रेष्ठ. लाकूड जमिनीवर रचल्यास ओल व वाळवी दोन्ही चढतात. म्हणून विटांवर किंवा लोखंडी घोडीवर, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. वरून पत्र्याचे छप्पर असावे आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. साल काढून टाकावी, कारण अनेक कीटक तिच्याखालीच आसरा घेतात. घुण वाळलेल्या लाकडातही शिरतो, म्हणून साठा वर्षानुवर्षे पडून राहू देऊ नये. जो माल आधी आला तो आधी विकावा. फोडण्याचे काम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत उरकावे आणि चातुर्मासात कुऱ्हाडीला विश्रांती द्यावी. बाभळीसारखे कठीण लाकूड ओले असतानाच फोडणे सोपे जाते आणि फोडलेले लाकूड लवकर वाळते. त्यामुळे उन्हाळ्यात फोडून ठेवलेला माल आषाढापूर्वी विक्रीयोग्य होतो. येथे व्रताचे आणि धंद्याचे वेळापत्रक एकच आहे.

ढलपी लवकर का वाळते व लवकर का पेटते, हे साध्या हिशेबाने कळते. दहा सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच जाड लाकडाच्या, दोन सेंटिमीटर रुंदी-जाडीच्या पंचवीस ढलप्या केल्या, तर लाकूड तेवढेच राहते; पण हवा लागणाऱ्या बाजूंचे क्षेत्र पाचपट होते. ढलप्या चांगल्या असतील तर चूल पेटवायला रॉकेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा टायरचे तुकडे लागत नाहीत. चुलीपुढे बसणाऱ्या भगिनीचे डोळे आणि फुप्फुसे यांचा विचार करणे हीदेखील जयणाच होय.

यानंतर अचौर्य अणुव्रत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि पाचही वखारीत रोज समोर येतात. चोराला प्रवृत्त करणे हा पहिला, ‘स्तेनप्रयोग’. ‘कसेही करून स्वस्त लाकूड आण’ असे टेम्पोवाल्याला सांगणे याहून फार दूर नाही. चोरून आणलेला माल घेणे हा दुसरा, ‘तदाहृतादान’. रात्री कागदपत्रांविना आलेली गाडी उतरवून घेणे म्हणजे तेच. राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे हा तिसरा, ‘विरुद्धराज्यातिक्रम’. लाकडाच्या वाहतुकीवर भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील नियमांचे बंधन आहे; महाराष्ट्रात वृक्षतोडीसाठी १९६४ चा आणि नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. कोणत्या जातीला वाहतूक परवाना लागतो याची विचारणा वन कार्यालयात करून प्रत्येक खरेदीची पावती फाईलला लावावी.

चौथा अतिचार ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे खोटी वजनेमापे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी व मुद्रांकन करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. पाचवा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे एक वस्तू दाखवून दुसरी देणे किंवा भेसळ करणे. लाकडातील भेसळ पाण्याची असते. समजा, शंभर किलो ओल्या लाकडात चाळीस किलो पाणी आहे. ते वाळून पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले, की त्याचे वजन पंच्याहत्तर किलो उरते. ओले लाकूड सहा रुपये किलोने घेतले असेल, तर सहाशे रुपयांचा माल पंच्याहत्तर किलोंवर आला. म्हणजे मजुरी धरण्यापूर्वीच तो आठ रुपये किलोला पडला. येथेच मोह होतो. वाळवण्याची वाट न पाहता ओलाच माल विकला, तर पंचवीस किलो पाण्याचे पैसे पदरात पडतात. गिऱ्हाइकाच्या पदरात मात्र धूर पडतो, कारण लाकडाची बरीच उष्णता ते पाणी आटवण्यातच खर्च होते. वीस टक्के ओल असलेले एक किलो लाकूड चाळीस टक्के ओलीच्या एक किलोपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक उष्णता देते. म्हणून वाळलेल्या मालाचा भाव उघडपणे अधिक सांगावा आणि त्याचे कारणही सांगावे.

माल वाळला की नाही, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास वाळलेल्यांचा आवाज खणखणीत येतो, ओल्यांचा बद्द. अधिक खात्री हवी असेल, तर एका जुडीवर खूण करून ती दर आठवड्याला तोलावी. उघडिपीच्या दिवसांत सलग दोन-तीन आठवडे वजन घटले नाही, म्हणजे ती वाळली. जुडीने विक्री करताना प्रत्येक जुडीचे वजन सारखे ठेवावे आणि ते पाटीवर लिहावे. वर सुबक ढलप्या आणि आत गाठींचे तुकडे, अशी जुडी बांधू नये. गाठी फुटत नाहीत, पण दीर्घकाळ जळतात. आचाऱ्याला त्या वेगळ्या भावाने, गाठी म्हणूनच विकाव्यात.

राहिला लाकूड फोडणारा हात. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. आपण ते गाई-बैलांपुरते समजतो. पण वैशाखातील दुपारी घण उचलणाऱ्या मजुरालाही ते लागू आहेत. केवळ वजनावर मजुरी दिली, तर ज्याच्या वाट्याला गाठाळ बाभूळ येते तो दिवसभर राबूनही कमी कमावतो आणि ज्याला सरळ धाग्याचे सुरू मिळते तो दुपारीच मोकळा होतो. म्हणून किमान रोज ठरवून त्यावर वजनाचा मोबदला द्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत जाड बूट मालकाने पुरवावेत. पाचर मारताना उडालेली चिरफळी डोळा घेऊ शकते. पाण्याचा माठ, सावली आणि भर दुपारची सुट्टी यांचा खर्च धर्मादाय खात्यात लिहू नये. तो धंद्याचाच खर्च आहे.

अशा रीतीने चालवलेली वखारही कर्मबंधाविना राहणार नाही. अग्निकायाची विराधना आहेच आणि वनस्पतिकायाचीही आहे. म्हणून श्रावकाने आपल्या मर्यादा लेखी ठेवाव्यात : उभ्या झाडाच्या तोडीचा ठेका घेणार नाही, कोळशाची भट्टी लावणार नाही, परवान्याविना आलेला माल उतरवणार नाही, वखारीचा साठा अमुक टनांहून अधिक वाढवणार नाही, आणि दरवर्षी ओंडक्यांची विक्री कमी करून ढलप्यांचा वाटा वाढवीन. ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढील पिढीसाठी दुसरा व्यवसायही शोधत राहावे. तोवर हा कागद गल्ल्याच्या वर, रोज दिसेल असा लावावा आणि पर्युषणात घरातील सर्वांनी बसून तो वर्षाच्या खरेदी-विक्रीच्या वह्यांशी ताडून पाहावा. या बैठकीत तरुणांना पहिल्यांदा बोलू द्यावे, कारण पुढे वखारीचे काय करायचे, हे त्यांनाच ठरवायचे आहे.