दहावीनंतर: डिप्लोमा की अकरावी?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. पेढे वाटून होतात न होतात तोच प्रश्न सुरू होतो, "मग, आता पुढे काय?" शेजारच्या काकू विचारतात, जाऊबाई फोनवर विचारतात, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीजवळ उत्तरही तयार असतं! एक म्हणते, "सायन्सला घाला, चांगला क्लास लावा." दुसरी म्हणते, "छे, डिप्लोमाच बरा, लवकर मार्गाला लागतात." मुलाला किंवा मुलीला इंजिनियर व्हायचं आहे इथवर घरात एकमत असतं. वाट कोणती धरायची, तिथे मात्र गाडी अडते. मैत्रिणींनो, आज या दोन वाटांचाच विचार करू या.

आधी वर्षांचा हिशेब मांडू. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, म्हणजे झाली सहा. दुसरीकडे दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमाची तीन वर्षे. मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर तिथली तीन. तीही सहाच! म्हणजे डिप्लोमाने मुलगा लवकर इंजिनियर होतो हे खरं नाही, आणि त्याचं एक वर्ष फुकट जातं हेही खरं नाही. शेवटी दोघांच्या हाती पदवी पडते ती एकच. मग फरक कुठे? परीक्षांत, पैशांत, आणि मध्येच थांबायची वेळ आली तर हाताशी काय राहतं, यात.

परीक्षांचं पाहू. बारावी विज्ञानाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित यांत खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात, पण इंजिनियरिंगचा नंबर लागतो तो मुख्यतः सीईटीच्या गुणांवर. दोनशे गुणांची, तीन तासांची परीक्षा. त्यातले शंभर गुण एकट्या गणिताचे. दोन वर्षांच्या मेहनतीचा भार त्या तीन तासांवर येतो. ज्या मुलांना असं एका दमात झोकून द्यायला आवडतं, ती इथे चमकतात.

डिप्लोमाला प्रवेश परीक्षा नाही. दहावीचे गुण हाच आधार. पात्रतेला ३५ टक्के पुरतात, पण म्हणून "कमी मार्कांवाल्यांचा कोर्स" असं नाक मुरडू नका. नामांकित सरकारी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरसारख्या शाखेला नव्वदीच्या पुढचे गुणसुद्धा कमी पडतात. आत गेल्यावर दर सहा महिन्यांनी परीक्षा, शिवाय ड्रॉइंग, प्रॅक्टिकल, सबमिशन यांचा ससेमिरा. रोज थोडं थोडं, नेमाने करणाऱ्या मुलाला हे मानवतं. शेवटच्या आठवड्यात जागणाऱ्याच्या मागे एटीकेटीचं शुक्लकाष्ठ लागतं. तुमचं लेकरू कोणत्या जातीचं अभ्यासू आहे, हे शिक्षकांपेक्षा तुम्हांलाच जास्त ठाऊक. त्याच्या गुणपत्रिकेइतकीच त्याची अभ्यासाची सवय आठवून बघा.

आता पैसे. सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी काही हजारांत भागते. खाजगी संस्थेत ती कितीतरी पटींनी वाढते. अकरावी-बारावीची कॉलेजची फी त्या मानाने थोडी, पण आपल्या अंदाजपत्रकात एक खर्च लपून बसलेला असतो, तो म्हणजे सीईटीचा क्लास. मोठ्या क्लासची दोन वर्षांची फी लाखाच्या पुढेही जाते. तेव्हा तुलना करताना नुसत्या कॉलेजच्या फीची करू नका; सहा वर्षांचा क्लास, होस्टेल, बसचा पास, पुस्तकं असा सगळा तक्ता एका कागदावर मांडा आणि यजमानांपुढे ठेवा.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. तंत्रनिकेतनंही त्यात आली. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. खाजगी अभिमत आणि खाजगी विद्यापीठांतही नाही. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमी लेयरचा असे जे दाखले तुम्हांला लागतील, ते निकालाची वाट न बघता मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीत उभं राहायला जागा नसते!

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहा वर्षे हा मोठा काळ आहे. घरात आजारपण येतं, बदली होते, कधी धंदा बसतो. अशा वेळी शिक्षण मध्येच थांबवावं लागलं तर? बारावी विज्ञानावर थांबलेल्या मुलाला त्या शिक्षणावर धड नोकरी मिळणं कठीण. डिप्लोमा मात्र स्वतःच्या पायावर उभा राहतो. रेल्वेत, सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंत्याच्या जागांना योग्य त्या शाखेचा डिप्लोमा चालतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली वर्षभर कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकता येतं. ज्या घरची मिळकत आज आहे तशी उद्या असेलच असं सांगता येत नाही, त्या घराने या मुद्द्याला जास्त वजन द्यावं.

पण डिप्लोमाची दुसरी बाजूही झाकून ठेवायला नको. पंधरा-सोळाव्या वर्षी शाखा ठरवायची, सिव्हिल की मेकॅनिकल की कॉम्प्युटर, हे सोपं नाही. डॉक्टर व्हायचं मनात कुठेतरी असेल तर बारावी बायॉलॉजी घेऊनच करावी लागते. आयआयटीत डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत. (आणि हो, फार्मसीचा डिप्लोमा बारावीनंतर असतो, दहावीनंतर नव्हे, यात पुष्कळ जणी फसतात.) पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जागा मिळते तीही डिप्लोमाच्या गुणांवर. खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के हवेतच, आणि चांगल्या कॉलेजला त्याहून पुष्कळ जास्त. आत गेल्यावर गणित एकदम अंगावर येतं, कारण बाकीच्या मुलांचं बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत गणिताची उजळणी करून घ्या.

ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, त्याला अकरावी विज्ञान बरं. तिथून वाटा जास्त फुटतात. आणि बारावी विज्ञान झाल्यावर मन बदललं तर डिप्लोमाच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दार अगदीच बंद होत नाही, एवढा धीर असू द्या.

आता लेकींच्या आयांशी दोन शब्द वेगळे. मुलीला सोळाव्या वर्षी परगावी ठेवायचा धीर होत नाही, हे मी समजू शकते. जवळच्या तंत्रनिकेतनात घरून जाऊन तीन वर्षे केली, की एकोणिसाव्या वर्षी होस्टेलला जाणारी मुलगी बरीच सावरलेली असते. लातूर, यवतमाळ आणि तासगाव इथे तर खास मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनं आहेत. पण एका गोष्टीला जपा. मुलाचा डिप्लोमा झाला की घरात विचारतात, "पदवीचे फॉर्म कधी निघतात?" मुलीचा झाला की म्हणतात, "हाताशी काहीतरी आहे ना, आता स्थळं बघू या." मध्ये थांबता येतं हा डिप्लोमाचा गुण. मुलीच्या बाबतीत तोच निमित्त होऊन बसतो. म्हणून प्रवेश घेतानाच, सासूबाई आणि यजमान समोर असताना, शब्द घेऊन ठेवा: हे तीन वर्षांचं नाही, सहा वर्षांचं ठरलंय, मध्ये थांबायचं झालं तर ते तिच्या मर्जीने किंवा खऱ्या अडचणीने. हे त्या वेळी बोललं नाही, तर तीन वर्षांनी बोलायला फार उशीर होतो.

शेवटी थोडं व्यवहाराचं. कॉलेजांचा पसंतीक्रम घाईत भरू नका. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचंय तेच नाव पहिलं लिहा. त्याआधी एकदा मुलाला घेऊन तंत्रनिकेतन आणि ज्युनियर कॉलेज दोन्ही बघून या. वर्कशॉपमध्ये लेथ चालताना पाहून डोळे चमकतात की तेलाच्या वासाने नाक मुरडतं, ते तुम्हांला तिथेच कळेल.

आणि शेजारच्या काकूंनी विचारलंच, "डिप्लोमाला का हो घातलं?" तर सहा वर्षांचा तो हिशेब त्यांनाही मांडून दाखवा. अकरावी घेतली असेल तरी उत्तर तितक्याच शांतपणे द्या. निर्णय घरात सगळ्यांनी बसून, मुलाला विचारून घेतलेला असला, की बाहेरच्यांना उत्तर द्यायला जड जात नाही.