वर्षभर बदलणारा अर्थसंकल्प

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्र विधिमंडळात त्या वर्षाचा अतिरिक्त अर्थसंकल्प सादर झाला, आणि ९ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या त्याच विधिमंडळापुढे ठेवण्यात आल्या. पुढे डिसेंबरात नागपूर येथे ३५,७८८ कोटींच्या व मार्च २०२५मध्ये ६,४८६ कोटींच्या मागण्या आल्या. तिन्हींची बेरीज सुमारे १ लाख ३७ हजार कोटी होते. मूळ अर्थसंकल्पातील एकूण खर्च सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. म्हणजे मूळ अंदाजाच्या एक पंचमांशाहून अधिक रकमेच्या मागण्या वर्षाच्या ओघात मागाहून आल्या. २०२५-२६ या वर्षीही पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी व हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटी, असाच क्रम राहिला. सार्वजनिक आयव्यय शिकविताना विद्यार्थी विचारतात की, मग मार्चमध्ये मंजूर झाले ते नेमके काय? हा प्रश्न बाळबोध वाटला तरी त्याचे उत्तर सोपे नाही.

पुरवणी मागणी ही मुळात गैर गोष्ट नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. बारा महिन्यांचा खर्च आगाऊ अचूक सांगणे कोणाही अर्थमंत्र्यास शक्य नसते. म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ने दोन प्रसंगी ही वाट मोकळी ठेवली आहे : मंजूर रक्कम अपुरी पडल्यास, किंवा मूळ विवरणपत्रात नसलेल्या नव्या सेवेची गरज वर्षाच्या मध्यात निर्माण झाल्यास. सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. त्या शेतकऱ्यांना मदत देण्यासाठी सरकारने डिसेंबरात विधिमंडळाकडे रक्कम मागितली, तर तिला कोणी नावे ठेवणार नाही. शिवाय मागणीची सारी रक्कम तिजोरीवरील नवा भार असतेच असे नाही. काही भाग केंद्राच्या निधीतून अथवा अन्यत्र झालेल्या बचतीतून भागतो.

परंतु जुलै २०२४च्या मागण्यांची फोड पाहिली, की हे समर्थन तोकडे पडते. त्यांत अनिवार्य खर्चाचा वाटा सुमारे १७ हजार कोटींचा, तर कार्यक्रमांवरील खर्चाचा वाटा सुमारे ७५ हजार कोटींचा होता. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या योजनेसाठी त्यात २५ हजार कोटी होते. या योजनेवर वर्षाला ४६ हजार कोटी खर्च येईल, हे अकरा दिवसांपूर्वीच्या अर्थसंकल्पीय भाषणातच सांगितले गेले होते. जे भाषणात ठाऊक होते ते अंदाजपत्रकात बसले नाही, याला अनपेक्षित खर्च म्हणता येणार नाही. योजनेच्या गुणावगुणांचा हा प्रश्न नसून हिशेबाच्या शिस्तीचा आहे. मूळ अर्थसंकल्पात तूट आटोक्यात दिसते आणि खरा आकडा पुरवणीत उतरतो; पहिल्यावर सविस्तर चर्चा होते, दुसरा एक-दोन दिवसांत हातावेगळा केला जातो.

येथपर्यंतची टीका नवी नाही. तिच्याहून अधिक महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी बाब वेगळीच आहे. खात्याची खर्चमर्यादा वाढवावयाची तर विधिमंडळाचे मत लागते. ती घटवावयाची तर कोणाचेही लागत नाही. अनुदान मंजूर होणे म्हणजे खर्चाची परवानगी मिळणे. प्रत्यक्ष रक्कम वित्त विभाग वर्षभर टप्प्याटप्प्याने, टक्केवारी ठरवून सोडतो. ४ मे २०२० रोजी, करोनाच्या संकटात महसूल आटला असता, वित्त विभागाने एका शासन निर्णयाद्वारे खात्यांच्या कार्यक्रमांवरील खर्च मंजूर तरतुदीच्या ३३ टक्क्यांपुरता मर्यादित केला. तो प्रसंग असाधारण होता आणि निर्णय बहुधा अटळ होता. तथापि सभागृहाने मंजूर केलेल्या दोन तृतीयांश रकमा थांबविण्यास एक परिपत्रक पुरले, हे विसरता येत नाही. साध्या वर्षांतही याच अधिकाराचा सौम्य वापर चालू असतो.

त्याची झळ कोणाला लागते? पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज यांना कात्री लावता येत नाही. ज्या योजनेचे पैसे दरमहा लाखो खात्यांत जमा होतात, तिला हात लावण्यास कोणतेही सरकार धजत नाही. उरतात त्या वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, रस्त्यांची दुरुस्ती, ग्रंथालयांची अनुदाने, अर्धवट पाटबंधारे. यांचा निधी आधी लांबतो, मग मार्चअखेर घाईने सुटतो; तोवर खर्च करण्याची मुदतच उरत नाही आणि रक्कम व्यपगत होते. मे २०२५मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी व आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेसाठी गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. हा निधी त्या त्या प्रवर्गांतील लाभार्थी महिलांसाठीच आहे, असा खुलासा सरकारतर्फे झाला. खुलासा मान्य केला तरी हा प्रश्न सभागृहाऐवजी वृत्तपत्रांत चर्चिला गेला, ही खंत उरतेच.

दुसरीकडे, मागून घेतलेली वाढीव रक्कम खर्चच होत नाही, असाही अनुभव आहे. मूळ तरतूदसुद्धा पूर्ण खर्ची पडली नसताना पुरवणी तरतूद घेतली गेल्याची उदाहरणे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षे नमूद होत आली आहेत. अहवाल लोकलेखा समितीकडे जातो खरा. पण तोपर्यंत वर्ष संपलेले असते.

ज्या ब्रिटिश संसदेकडून आपण ही पद्धत उचलली, तेथेही वर्षाच्या मध्यात मर्यादा बदलतात. मात्र तेथे पूरक अंदाज सामान्यतः वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या सुमारास येतात. त्यांत वाढीबरोबर घटही दाखविता येते आणि प्रत्येक खाते बदलांची कारणे सांगणारे निवेदन आपल्या संसदीय समितीस देते. ती संसदही आकडे क्वचितच बदलते. परंतु काय वाढले आणि त्यासाठी काय कमी झाले, हे एकाच कागदावर वाचावयास मिळते.

एवढे महाराष्ट्रास अशक्य नाही. निधीवाटपाची संगणकीय प्रणाली राज्यात आहे आणि खात्यांकडून आठमाही सुधारित अंदाजही घेतले जातात. त्यांच्या आधारे नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्यांसोबत एक विवरणपत्र ठेवावे : कोणत्या योजनेस किती मंजूर, किती वितरित, किती रोखलेले आणि का. प्रत्येक मोठ्या मागणीपुढे तिचा पैसा कोठून येणार, हे लिहावे. अर्थसंकल्पानंतर तीन महिन्यांच्या आत नव्या कार्यक्रमासाठी पुरवणी मागणी आणावयाची झाल्यास कारणांचे लेखी निवेदन सक्तीचे करावे. यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. सभागृहाचे नियम आणि सरकारची इच्छा पुरेशी आहे.

विरोधी पक्ष पुरवणी मागण्यांच्या एकूण आकड्यावर तुटून पडतात आणि सत्ताधारी पक्ष विकासाचे दाखले देतो. पक्षांची बाके बदलली की भाषणांची अदलाबदल होते. दोघांनीही त्याऐवजी रोखलेल्या रकमांची यादी मागावी. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने शिक्षण सोडलेल्या मुलाचे नाव कोणत्याही पुरवणी मागणीत येत नाही. त्याच्या वाट्याची तरतूद रीतसर मंजूर झालेली असते. ती त्याच्यापर्यंत का पोचली नाही, हे सभागृहाने विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही.