माफी? याच्या खात्यात शून्य!

राजेहो, सीताबर्डीहून खापरीची मेट्रो पकडली, की वर्धा रोडवर सेंट्रल जेल लागतं. आपण मोबाइलमध्ये डोकं घालून असतो, जेल मागे निघून जातं. पुढच्या वेळी जरा मान वर करून बघा.

समजा, आत दोन कैदी आहेत. एकाने खून केलाय. दुसरा ट्रकचा क्लीनर. ओडिशाकडून गांजा घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये सापडला. माल २० किलोच्या वर, म्हणजे शिक्षा कमीत कमी १० वर्षं आणि १ लाख दंड. दोघंही रोज कामावर जातात, नीट वागतात. खुन्याच्या खात्यात माफीचे दिवस जमा होतात. क्लीनरच्या खात्यात शून्य!

जोक नाही बॉस, कायदा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात १९८९ साली कलम ३२-अ घुसलं. नुसत्या सेवनाचा गुन्हा सोडला, तर शिक्षेला स्थगिती नाही, सूटही नाही. महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००० साली कोर्टाने सांगितलं, की अपील चालू असताना शिक्षा थांबवायचा कोर्टाचा अधिकार असा काढून घेता येणार नाही. पॅरोललाही हे कलम आड येत नाही. माफीवरची बंदी मात्र तशीच राहिली.

याच कायद्यात मोठ्या मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशी सक्तीची होती. २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाच बदलला. म्हणजे बदल होऊ शकतो!

'पोरांना नशेला लावणाऱ्यांचा कसला पुळका?' तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. पण कोणी म्हणत नाही, की त्याला सोडून द्या. शिक्षा कोर्टाने दिलीय, ती भोगायचीच. माफी म्हणजे सुधारणाऱ्याला दिलेली शाबासकी. ती खुन्याला मिळते, तर क्लीनरला का नाही? आणि मालाचा खरा मालक बहुतेक वेळा ट्रकमध्ये नसतोच, हेही आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे जेलच्या खात्याचं नाव 'कारागृह व सुधारसेवा' आहे. दहा वर्षं नीट वागूनही ज्याचा एक दिवससुद्धा कमी होत नाही, त्याने सुधारायचं कशाच्या आशेवर?

विचार करा. तोवर तुमचं स्टेशन येईलच. त्याचं अजून लांब आहे.