दहा दिवसांची सेवा

परवा माझ्या ताईचा नातू घरी येऊन गेला. पुण्याला इंजिनिअरिंग करतो, मंडळीच्या तरुण संघात उत्साहाने धावपळ करतो. गुणी मुलगा आहे. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "आजी, मे महिन्यात आमचा ग्रुप केनियाला मिशन ट्रिपला चाललाय. बारा दिवस. नैरोबीजवळच्या एका वस्तीत शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे. प्रत्येकाला दीड लाख जमवायचेत. तू एवढं लिहितेस, आपले सगळे नातेवाईक वाचतात. माझ्यासाठी एक आवाहन लिही ना!"

मी "बघते" म्हटलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना बाईंच्या "बघते"चा अर्थ बरोबर कळायचा. नातवाला कळला नसावा, कारण दुसऱ्याच दिवशी त्याने बँक खात्याचा तपशील पाठवला.

तर मंडळी, मी आवाहन लिहिणार नाही. पण का लिहिणार नाही ते सांगणं भाग आहे, कारण अशाच एका ट्रिपला मीही जाऊन आले आहे. परत आल्यावर देवळात उभं राहून साक्षही दिली आहे. त्या साक्षीत मी काय सांगितलं नाही, ते आज सांगते.

२५ एप्रिल २०१५ला नेपाळात मोठा भूकंप झाला. शनिवार होता, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे शाळा बंद होत्या आणि असंख्य मुलं वाचली. पण ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही तिथे शनिवारीच असते. काही ठिकाणी लोक उपासनेला जमलेले असतानाच छत खाली आलं. एकूण सुमारे ९,००० माणसं गेली, लाखो घरं पडली.

त्यानंतर अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०१७मध्ये, आमच्या ओळखीच्या मंडळीतून १४ जणांचा गट धादिंग जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात घर बांधायला गेला. त्यात मीही होते, वय ६६. नगरहून मनमाड, मनमाडहून गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग बस आणि शेवटी हाडं खिळखिळी करणारी जीप. गावात तामांग लोकांची वस्ती. "जयमसीह" म्हणून त्यांनी आमचं स्वागत केलं, आणि स्वतः जेमतेम खाणाऱ्या त्या माणसांनी आमच्यासाठी कोंबडी कापली.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात. घर दगडमातीचं. आमच्यातला एक बँकेतला, दोन कॉलेजची मुलं, एक फार्मसिस्ट, आम्ही चार निवृत्त शिक्षक... ओळंबा कसा धरायचा हे एकालाही ठाऊक नव्हतं. घमेली उचलायची, दगड द्यायचे आणि जमेल तसे रचायचे. गावचा गवंडी शांतपणे बघत होता. दुपारी आम्ही जेवायला बसलो, तेव्हा त्याने आमचे दोन थर उतरवले आणि पुन्हा रचले. संध्याकाळी पुन्हा तेच.

मला आधी राग आला. मग तिथल्या पास्टरांनी हिंदीत समजावून सांगितलं. घरासाठी नेपाळ सरकार ३ लाख नेपाळी रुपये देत होतं, पण हप्त्यांनी. आधी ५० हजार, जोत्यापर्यंत काम झालं की दीड लाख, आणि भिंती पुऱ्या झाल्यावर १ लाख. पुढचा हप्ता हवा तर इंजिनिअरची तपासणी पार पडायला हवी. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड ठरलेल्या अंतरावर आहेत का, आडवे पट्टे आहेत का, कोपरे नीट गुंफलेत का, हे सगळं तो बघणार. भिंत नापास झाली तर त्या कुटुंबाचे १ लाख अडकणार. आम्ही तर तोपर्यंत नगरला पोचलेले असणार!

आपल्याकडे १९९३ साली किल्लारीला काय झालं ते माझ्या पिढीला सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंतींखालीच माणसं गेली. ते ठाऊक असूनही मी हौसेने दगड रचत होते, आणि कोणीतरी माझा फोटो काढत होतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्यातल्या एकाने पिशवी भरून हिंदी पत्रिका आणल्या होत्या, शुभवर्तमानाच्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. पास्टरांनी हात जोडून त्या परत पिशवीत ठेवायला लावल्या. २०१५च्या राज्यघटनेनुसार नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. आम्ही पोचायच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर २०१७मध्ये, त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या कायद्यावर सही झाली होती. पास्टर म्हणाले, "आप लोग दस दिन में चले जाएँगे। पुलिस तो हमारे दरवाज़े पर आएगी।"

हा कायदा योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे. मला तो अयोग्य वाटतो. पण धैर्य दाखवणार आम्ही आणि त्याची किंमत मोजणार दुसरं कोणी, याला धैर्य म्हणायचं का? माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. जो निघून जाणार आहे त्याने आपल्या चुकीची किंमत राहणाऱ्यावर टाकू नये. भिंत असो की पत्रिका.

आता थोडा हिशेब. आम्हा १४ जणांचा माणशी खर्च १६,००० रुपये. म्हणजे २ लाख २४ हजार. नेपाळी रुपयांत साडेतीन लाखांहून जास्त. एका घरासाठी सरकार जेवढं देत होतं त्यापेक्षाही अधिक पैसे आम्ही जाण्यायेण्यात आणि राहण्याखाण्यात घालवले! तेवढ्यात गावच्या गवंड्यांना किती दिवसांची मजुरी मिळाली असती?

हे आमचंच झालं असं नाही. होंडुरासमध्ये १९९८च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतून चर्चचे कितीतरी गट घरं बांधायला गेले. तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हेर बीक नावाच्या ख्रिस्ती प्राध्यापकाने याचा अभ्यास करून २००६मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर आणि तिथे एक घर व्हायचं सुमारे २,००० डॉलरमध्ये. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब, यांच्या आयुष्यात फारसा फरक त्याला आढळला नाही. आणि घरी परतलेल्या पाहुण्यांच्या दानधर्मातही म्हणावा तसा बदल झाला नव्हता.

"पण आजी, तरुणांची मनं बदलतात ना!" हे नातवाचं म्हणणं मला ऐकू येतंय. बदलतात, निदान काही दिवस तरी. माझंही बदललं. पण मग त्याला अभ्याससहल म्हणा आणि स्वतःच्या पैशाने जा. त्यात काही वाईट नाही. बदलणार आपण आणि पैसे मागायचे गरिबांच्या नावाने, हे माझ्या मनाला पटत नाही.

मी मिशनविरोधी झाले असं कोणी समजू नये. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत झालं. आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई होऊन गेली. १८२७ साली ती मुंबईत उतरली, मराठी शिकली, मुंबईत आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरमध्येच तिचं देहावसान झालं. सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला तिच्याकडे आल्या होत्या. त्या काळच्या मिशनऱ्यांच्याही चुका होत्या, अहंकारही होता. पण चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून चालावं लागायचं, त्याच लोकांना तोंड द्यावं लागायचं. चौतीस वर्षं राहणाऱ्याला लोक सुधारतात. दहा दिवसवाल्याला पाहुणा म्हणून कोंबडी खाऊ घालतात आणि गप्प बसतात.

तिसऱ्या दिवसापासून मी दगड सोडून दिले. बायका कोदो कापायला जायच्या. कोदो म्हणजे आपली नाचणी. त्यांची लहान मुलं मी सांभाळू लागले. त्यात चौथीतली एक मुलगी होती. तिचं नेपाळी पुस्तक मी उघडलं तर काय, सगळी देवनागरी! मी घडाघडा वाचायला लागले आणि ती खो खो हसायला लागली. अक्षर न् अक्षर येत होतं, अर्थ निम्मा लागत नव्हता आणि उच्चार सगळे चुकत होते. मग तिने मला शिकवायला घेतलं. बत्तीस वर्षं खडू धरलेली बाई त्या पोरीपुढे मांडी घालून बसली. त्या दहा दिवसांत खरं काही घडलं असेल तर ते तेवढंच, आणि त्यातही देणारी ती होती.

निघताना तिने हात धरला. मी म्हटलं, "अगले साल आऊँगी।" तिने विचारलं, "कहिले?" म्हणजे केव्हा. मी म्हटलं, याच दिवसांत, कोदो कापायच्या वेळी.

२०१८मध्ये माझा गुडघा दुखावला. २०१९मध्ये ह्यांचं आजारपण. २०२०मध्ये कोरोना. कारणं सगळी खरी आहेत, पण मी गेले नाही. ती मुलगी आता अठराच्या आसपास असेल. नगरला परतल्यावर देवळात पडद्यावर फोटो दाखवले तेव्हा मी म्हटलं होतं, "आम्ही एक घर बांधलं." गवंड्याचा उल्लेख केला नाही. टाळ्या पडल्या.

म्हणून नातवाला मी तीन प्रश्न विचारले. तुम्हाला बोलावलंय कोणी, त्या शाळेने की तुमच्याच इथल्या कार्यालयाने? रंगारी नैरोबीत मिळत नाही का? आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच शाळेत कोण जाणार? तुमच्यात डॉक्टर असता, भूकंपात टिकणारी भिंत बांधायला शिकवणारा इंजिनिअर असता आणि तिथल्या लोकांनी बोलावलं असतं, तर मी स्वतः झोळी घेऊन फिरले असते.

त्याला ५,००० रुपये द्यायचं मी मनात ठरवलं होतं. ते आजही बाजूला ठेवले आहेत. त्या शाळेने सांगावं, रंग हवा की पुस्तकं की मास्तरांचा पगार, आणि पैसे सरळ तिथे जावेत. आणि त्याला जायचंच असेल तर त्याने पाहुणा म्हणून जावं, कमी बोलावं, आणि निघताना "पुन्हा येईन" एवढं मात्र म्हणू नये.

यावर ताईचा फोन आला. "पोराला देवाच्या कामात खीळ घालतेस," म्हणाली आणि ठेवून दिला. नातवाचा तर चार दिवसांत फोनच नाही.

ताई, तू हे वाचशील म्हणून लिहिते. पोराला तुझ्याइतकाच मीही जीव लावते. त्याच्या तीन उत्तरांची मी वाट बघतेय. पटली तर आवाहन इथेच लिहीन, आणि या वेळी "बघते" म्हणणार नाही.